अ‍ॅग्रीमेंटमध्ये 'इतर चार्जेस' घुसवलेत, सही करू का?

प्रश्न : भाऊ, आम्ही जळगावला पिंप्राळ्याकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, दोन वर्षं झाली. भाडं सात हजार, लाईटबिल सबमीटर बघून वेगळं देतो, पाण्याचे कधी मागितले नाहीत. आता करार संपला तर घरमालक काकांनी नवीन कागदात एक ओळ टाकलीय, "लाईट, पाणी व इतर चार्जेस मालक ठरवेल त्याप्रमाणे". तोंडी म्हणतात युनिटला 15 रुपये आणि पाण्याचे महिना 600. आमच्याकडे मे महिन्यात कूलर रात्रभर चालतो, बिलाचा विचार करूनच घाम फुटतो. काकू वाटीभर लोणचं वर पाठवतात, त्यामुळे भांडायलाही नको वाटतं. काय करानं आते?
– एक वाचक ताई

उत्तर : ताई, लोणचं खा पण त्या ओळीवर सही करू नका. जुना करार चालू असता तर मधेच एकतर्फी काही वाढवता आलं नसतं, पण मुदत संपलीय म्हणजे काका नवीन अट मांडू शकतात आणि तुम्हीही ती नाकारू शकता. खरी खोट आहे 'ठरवेल त्याप्रमाणे' मध्ये, तिथे आकडा किंवा हिशोबाची पद्धत लिहून घ्या.

आता 15 रुपये कुठून आले ते विचारा. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याने वाढतं, 100 युनिटपर्यंत एक दर, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत, आणि खालचं-वरचं घर एकाच मीटरवर असलं की दोघांचे युनिट मिळून वरच्या टप्प्यात जातात, म्हणून तुमचा दर थोडा जास्त पडणारच, त्यात काकांची लबाडी नाही. पण समजा पूर्ण बिल 420 युनिटचं 5040 रुपये आलं तर युनिट पडलं 12 रुपयाला, मग वरचे 3 कशाचे? "मूळ बिल दाखवून, एकूण रकमेला एकूण युनिटने भागून येईल तो दर" असं लिहा, बस. त्याहून बरं म्हणजे स्वतंत्र मीटर. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 43 प्रमाणे मालकच नाही, तिथे राहणाराही कनेक्शन मागू शकतो, फक्त कागदपत्रांसाठी काकांशी गोडीने बोलावं लागेल.

पाण्याचं म्हणाल तर पालिकेची पाणीपट्टी वर्षाची असते, ती पावती बघा आणि दोन घरांत वाटा. टँकर आला तर त्याचा हिशोब वेगळा. आणि एक गोष्ट नक्की करा, घरातलं सगळं बंद करून काकूंना मोटर लावायला सांगा आणि तुमचा सबमीटर फिरतो का बघा. टाकीच्या मोटरची वायर भाडेकरूच्या लाईनवर असल्याचे किस्से मी इतके ऐकलेत की आता हसूपण येत नाही.

करार रजिस्टर केलेला आहे की नुसती नोटरी? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे तो लेखी आणि रजिस्टर असावा लागतो, लिव्ह अँड लायसन्स असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची. केला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय अटींवरून वाद झाला की उलट सिद्ध होईपर्यंत तुमचं म्हणणं धरलं जातं. पण ती मोघम ओळ असलेल्या कागदावर तुमचीच सही असली तर काका तोच कागद पुढे करतील.

हे कलम काकांच्या तोंडावर फेकू नका. मागच्या दोन बिलांचे फोटो मागा, वही घेऊन खाली जा, भागाकार काकूंसमोर करा.