नाइट ड्युटी आणि चुकीचं अँप्यूल

प्रश्न : मॅडम, मी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात 9 वर्षं स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यात सलग 7 नाइट झाल्या. वॉर्डात 18 पेशंट, मी एकटी आणि एक मावशी. पहाटे लाइन (शिरेत लावलेली नळी) फ्लश करायला सिरिंज भरली आणि अँप्यूलचं, म्हणजे औषधाच्या छोट्या कुपीचं, लेबल पाहिलं, तर सलाईनऐवजी पोटॅशियम क्लोराईड! फेकून दिलं, कोणाला बोलले नाही. आता बेल वाजली की डोकं सणकतं. परवा एका आजोबांच्या मुलीवर ओरडले. मी या कामाला नालायक झाले का?

उत्तर : अगं-तुगं करते, राग मानू नकोस, ज्युनियर सिस्टरांशी जन्मभर तसंच बोलत आले.

एकदा डबल ड्युटीच्या पहाटे मी थर्मामीटर न लावताच अख्ख्या वॉर्डाच्या टीपीआर शीटवर (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदीचा कागद) 98.4 लिहून टाकलं होतं. सातला ओव्हर (ड्युटीचा चार्ज) घेणाऱ्या सिस्टरने कोपऱ्यातल्या बाबांच्या कपाळाला हात लावला. अंग नुसतं भाजत होतं. ती काही बोलली नाही, फक्त शीट माझ्यासमोर धरली. त्या रात्री मला माणसं दिसलीच नव्हती, खाटा दिसत होत्या.

तुझंही तेच झालंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामावरच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. गळून जाणं, कामाचा तिटकारा, 'माझ्याच्याने होत नाही' असं वाटणं. तिन्ही तुझ्या पत्रात आहेत.

आणि हे फक्त तुझ्यापुरतं नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 साली आला. नर्समागे एक पेशंट वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली, नर्सच्या बर्नआउटची 23 टक्क्यांनी. एक पेशंट वाढला तर हे! तू 18 सांभाळतेस.

पोटॅशियम तसंच शिरेत गेलं असतं तर हृदय थांबू शकलं असतं, हे तुला मी सांगायला नको. म्हणून ते लपवू नकोस. इन्चार्ज सिस्टरना लेखी दे : वेळ, पेशंट किती, कितवी नाइट, दोन्ही अँप्यूल ट्रॉलीच्या कुठल्या कप्प्यात होती. पोटॅशियम ट्रॉलीवरून काढून कुलपात, वेगळं ठेवा, असंही लिही. नुसतं 'मी थकले' लिहिलंस तर ध्यानाच्या शिबिराला पाठवतील आणि परत आल्यावर आठवी नाइट लावतील. एक प्रत स्वतःजवळ ठेव. जमलं तर दोघी-तिघींनी मिळून मेट्रनना (सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांना) भेटा, एकटीला गप्प बसवणं सोपं असतं.

ऑफच्या दिवशीही झोप लागत नसेल तर टेली-मानसला, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन कर. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

ते आजोबा अजून अ‍ॅडमिट असतील तर ओव्हर दिल्यावर मुलीकडे दोन मिनिटं जा. फार बोलू नकोस. "परवा चिडले गं. बाबा जेवले का?" एवढं पुरे.