आधी टायमिंग, मग कार्ब्युरेटर
तू १९६९ ची शेव्हरोले कॅमारो घेतलीस, तीही ३५० व्ही-८ (३५० घन इंचाचं, आठ सिलिंडरचं) इंजिनवाली! तुझ्याइतकाच मलाही आनंद झाला. पण तू म्हणतोस तसा ताकदीसाठी मोठा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि नवा होली कंपनीचा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आत्ताच मागवू नकोस. आधी आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोज. एखाद्यात फारच कमी आलं, तर वरून कितीही खर्च केलास तरी ताकद येणार नाही.

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) नळी काढून तिचं तोंड बंद कर, टायमिंग लाइट लाव आणि आरपीएम ३००० च्या आसपास ने. ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते ते) वाढायचा थांबतो तिथे एकूण ३४ ते ३६ अंश दिसायला हवेत. इथे एक मेख आहे. टायमिंगची खूण असलेल्या पुढच्या चाकातलं, म्हणजे जुन्या बॅलन्सरमधलं, रबर सैल झालं की बाहेरची कडी सरकते आणि खूणच चुकीची दाखवते. मी दोन आठवडे कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) बदलत बसलो होतो, दोष निघाला या खुणेत. म्हणून पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारं साधन) लावून, इंजिन हाताने फिरवून खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा, शोधच.

कार्ब्युरेटरला हात त्यानंतर, व्हॅक्यूम गेज (इंजिनची हवेची ओढ मोजणारं मीटर) बघत.

मूळचा फ्लॅट टॅपेट कॅम (ज्यावर सपाट तळाचे टॅपेट घासत चालतात असा कॅमशाफ्ट) असेल तर जास्त झिंकचं ऑइल घाल. आजच्या साध्या ऑइलमध्ये ते कमी असतं.

आणि पैसे खर्चायचेच असतील तर माझं ऐक, पहिले ब्रेकवर. पुढे ड्रम असतील तर डिस्क बसव. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नकोस. स्टँड लावल्याशिवाय खाली जायचं नाही, आणि घरात कुणी असेल तेव्हाच.