आलेखावरून असमानता लिहिताना चिन्ह कुठं चुकतं

ताई, तुमच्या मुलीनं सोडवलेलं गणित नीट पाहिलं. आलेखात रंगवलेला भाग दिला होता, त्याच्या असमानता (≤, ≥ चिन्हांची विधानं) लिहायच्या होत्या. आलेखावरून रेषांची समीकरणं तिनं अगदी बरोबर काढली आहेत. (४, ०) आणि (०, ४) मधून जाणारी क्ष + य = ४, आणि (२, ०) व (०, −२) मधून जाणारी क्ष − य = २. क्ष + य ≤ ४ हेही बरोबर. गाडी अडली दुसऱ्या रेषेपाशी. रंगवलेला भाग रेषेच्या वर दिसला म्हणून तिनं क्ष − य ≥ २ लिहिलं.

नागपुरात बारावीच्या शिकवण्या घेतो तेव्हापासून ही चूक दरवर्षी बघतो. ‘वर म्हणजे मोठं, खाली म्हणजे लहान’ असं मुलांनी पाठ केलेलं असतं. पण य चा सहगुणक, म्हणजे य ला गुणणारी संख्या, धन असेल तरच ते चालतं. इथं य च्या आधी वजा आहे, त्यामुळे सगळं उलटतं.

वर्गात मी आपल्या रेल्वेलाइनचं उदाहरण देतो. नागपूरचा महाल भाग लाइनीच्या एका अंगाला, धरमपेठ दुसऱ्या. आपण कोणत्या अंगाला आहोत हे कळायला अख्खं शहर पालथं घालावं लागत नाही, ओळखीचं एक ठिकाण दिसलं की झालं. रेषेचंही तसंच. एका बाजूच्या एका बिंदूला जे चिन्ह लागतं, तेच त्या बाजूच्या सगळ्या बिंदूंना लागतं.

म्हणून रंगवलेल्या बाजूचा (०, ०) घ्यायचा. ० − ० म्हणजे ०, ते २ पेक्षा लहान. उत्तर क्ष − य ≤ २. मग उलट तपासणी करायची, ती मुलं हमखास टाळतात. रंगाच्या जरा बाहेरचा (३, ०) घ्या. तिच्या उत्तरात तो बसतो, आणि चित्रात तर तिथं रंगच नाही! तिनं लिहिलेल्या असमानता, य ≥ ० धरलं तरी, (२, ०), (४, ०), (३, १) या भलत्याच त्रिकोणाच्या आहेत. खरा भाग (०, ०), (२, ०), (३, १), (०, ४) हा चौकोन.

क्ष ≥ ० आणि य ≥ ० तिनं लिहिलेलंच नाही. अक्ष याही हद्दीच आहेत, त्या सोडल्या तर उत्तर अर्धवट राहतं. रेष तुटक असेल तर चिन्हाखालची ‘बरोबर’ची आडवी रेघ काढून टाकायची. आणि रेषा आरंभबिंदूतूनच जात असेल, जसं य = २क्ष, तर (०, ०) काहीच सांगत नाही, दोन्हीकडे शून्यच येतं. तेव्हा (१, ०) घ्यायचा: ० हे २ पेक्षा लहान, म्हणजे त्या बाजूला य ≤ २क्ष.