मुलांसाठी गोष्ट लिहून झाली आहे. आता आधी चित्रकार शोधू की प्रकाशक?

इतक्यात दोन्ही नको. आठ कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, ३२ पानांची वही होईल. चित्रपुस्तकं बहुधा एवढ्याच पानांची असतात, कारण ती १६ पानांच्या दोन फर्म्यांत (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं) बसतात. नाव, श्रेय वगैरेंची पानं सोडून उरलेल्या पानांवर तुमचा मजकूर कापून चिकटवा.

गोष्ट कुठे रेंगाळते ते आता डोळ्यांना दिसेल. ‘मनीनं दार ढकललं आणि...’ इथे उजवं पान संपलं, तर मूल स्वतःच पान उलटेल. दारामागे काय होतं ते त्याच पानावर सांगितलंत, तर ती ओढ गेली. मला विचाराल तर चित्रपुस्तकाचं निम्मं लेखन म्हणजे पान कुठे उलटायचं हे ठरवणं.

मग चित्रात जे दिसणारच आहे ते खोडा. लाल फ्रॉक, निळी छत्री, पाऊस, सगळं. वास, आवाज, मनातली भीती ठेवा. पाचशे शब्दसुद्धा पुष्कळ होतात. शेवटचं तात्पर्यही काढून टाका. मुलांना ते गोष्टीतूनच कळलेलं असतं, आणि कळलं नसेल तर त्या एका ओळीनं कळणार नाही.

त्यानंतर गोष्ट दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा आणि तुम्ही फक्त ऐका. वाचणारा जिथे अडखळेल ते वाक्य बदला. मूल नुकतंच स्वतः वाचू लागलं असेल, तर जोडाक्षरं बेतानं वापरा. मोठी माणसं वाचून दाखवणार असतील, तर अवघड शब्दांना बिचकू नका, मुलांना ते आवडतात.

प्रकाशकाकडे सहसा फक्त मजकूर पाठवायचा. चित्रकार बहुतेक वेळा तेच निवडतात, त्यामुळे आधी खर्च करून काढून घेतलेली चित्रं वाया जाऊ शकतात. प्रकाशक तुमच्याकडूनच पैसे मागत असतील, तर ती छपाईची सेवा आहे. हवी असेल तर जरूर घ्या, पण तसं समजून. करारात हक्क किती वर्षांसाठी आणि कोणत्या भाषांसाठी दिले, पुस्तक पुन्हा छापलं नाही तर ते परत कधी मिळतील, हे वाचल्याशिवाय सही करू नका.

स्वतःच छापणार असाल, तर चित्रकाराशी मानधन, श्रेय आणि चित्रांचे हक्क लेखी ठरवा. पात्रांचे चेहरे पानांच्या मधल्या घडीत येऊ देऊ नका, आणि चित्र कडेपर्यंत हवं असेल तर कापणीसाठी चारही बाजूंना साधारण ३ मिलिमीटर जास्त काढून घ्या.