एसटी स्टँडजवळ घरचा गाळा आहे, चहाची फ्रँचायझी घ्यावी का? हा धंदा नेमका चालतो कसा?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: तालुक्याच्या गावी स्टँडजवळ वडिलांचा गाळा आहे, हाताशी नऊ-दहा लाख आहेत आणि कंपनीचा माणूस म्हणतोय, 'आठ महिन्यांत पैसे वसूल.' मी कर सल्लागार आहे. चहा, केक, वडापाव, आइस्क्रीम अशा फ्रँचायझी चालवणाऱ्यांची खाती माझ्याकडे असतात, त्यामुळे झगझगीत बोर्डाच्या मागचा हिशेब रोज बघायला मिळतो.

व्यवहार तसा सरळ आहे. कंपनी तिचं नाव, पाककृती आणि दुकानाची मांडणी ठरावीक मुदतीसाठी वापरायला देते. भांडवल तुमचं, पोरं तुमची, तोटाही तुमचा. पण मालाची चव बघण्याआधी एक विचारा: या कंपनीला पैसा मिळतो कुठून? सुरुवातीच्या फीमधून आणि फर्निचर-मशिनरीत लावलेल्या मार्जिनमधून? दर महिन्याच्या रॉयल्टीतून, म्हणजे तुमच्या विक्रीतल्या ठरावीक टक्क्यातून? की मसाला, प्रीमिक्स, कप तुम्हाला विकून? रॉयल्टीवर किंवा मालावर कमावणाऱ्या कंपनीला तुमचा गल्ला भरायला हवा असतो. फीवर जगणाऱ्या कंपनीचं खरं गिऱ्हाईक तुम्हीच. तुमचा चेक वटला की तिचा धंदा झाला, मग पलीकडच्या चौकात त्याच नावाचं दुसरं दुकान द्यायलाही तिची हरकत नसते.

अमूल आपल्या पार्लरवाल्यांकडून रॉयल्टी घेत नाही. पार्लरवाल्याला एमआरपीवर कमिशन मिळतं, दुधाच्या पिशवीवर अगदी थोडं, आइस्क्रीमवर बरंच जास्त. त्यांना माल खपवायचा आहे, फी गोळा करायची नाही. (नुसत्या दुधाच्या पिशव्यांवर पार्लर चालवू म्हणणाऱ्यालाही मी नको म्हणतो, पण तो वेगळा विषय.)

तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपयांत तिची कागदपत्रं बघता येतात. ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये उत्पन्नाची फोड बघा. फीचा आकडा मोठा आणि रॉयल्टी नावापुरती दिसली, तर समजून जा.

आता आठ महिन्यांचं बघू. आकडे मी हिशेबापुरते धरलेत, तुमचे घालून पुन्हा मांडा. दहा रुपयांचा चहा, दिवसाला ५०० कप, महिन्याची विक्री १,५०,०००. दूध, साखर, मसाला, कप, गॅस मिळून ४५ टक्के, म्हणजे ६७,५००. दोन पोरांचा पगार २४,०००. वीज आणि किरकोळ ६,०००. रॉयल्टी ५ टक्के, ७,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी १,३५०. गाळ्याचं भाडं २०,०००. गाळा घरचा असला तरी ही रक्कम मांडायचीच, कारण कुलूप न लावता दुसऱ्याला दिला असता तर तेवढं आलंच असतं. उरले २३,६५०. तुमचे स्वतःचे पहाटे पाचपासूनचे कष्ट यात धरलेले नाहीत.

फी ३ लाख, त्यावर जीएसटी ५४,०००, दुकानाची उभारणी ५ लाख. ८,५४,००० भागिले २३,६५०, म्हणजे तीन वर्षं. अशा करारांची मुदत बऱ्याचदा तीन किंवा पाच वर्षांचीच असते. मुदत तीन वर्षांची असेल तर पैसे वसूल झाले त्याच महिन्यात नूतनीकरणाची फी दारात उभी. आणि ५०० ऐवजी ३५० कप गेले तर? विक्री १,०५,०००, खर्च १,०३,४४५. हातात १,५५५ रुपये. तरी रॉयल्टी द्यायचीच, कारण ती नफ्यावर नसते, विक्रीवर असते. काही करारांत तर किमान मासिक रक्कम ठरलेली असते, दुकान बंद ठेवलं तरी.

जीएसटीचं कंपनीचा माणूस हमखास 'तो परत मिळतो हो' असं सांगतो. चहाच्या दुकानाला परत मिळत नाही. खाण्यापिण्याच्या सेवेवर ५ टक्के कर लावणाऱ्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत म्हणून नोंदणीच केली नाही तरी क्रेडिटचा प्रश्न येत नाही. वरचे ५४,००० गेले ते गेले.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. अमेरिकेत सही करण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला माहितीपत्र द्यावं लागतं, त्यात आधीच्या वर्षी सोडून गेलेल्या दुकानदारांची यादीसुद्धा असते. इथे ती यादी तुम्हीच करायची. कंपनी ज्या दोन चालू दुकानांचे नंबर देते त्यांना फोन करून उपयोग नाही. जुन्या जाहिरातींतले पत्ते काढा, कुठलं बंद पडलंय बघा आणि शेजारच्या पानवाल्याला विचारा. दुकानाच्या मालकापेक्षा तो जास्त खरं सांगतो.

आपल्याकडचा सगळा भार १८७२ च्या करार कायद्यावर आणि तुमच्या सहीवर. करारनाम्यात आधी हद्दीचं कलम शोधा: किती अंतरात दुसरं दुकान देणार नाहीत, ते आकड्यात हवं. माल फक्त कंपनीकडूनच घ्यायचा असेल तर दरवाढ कोण आणि कशी ठरवणार हेही लिहून घ्या. पिळवणूक होते ती इथेच. वाद झाला तर लवाद कुठल्या शहरात बसणार तेही बघा.

नाव नोंदलेलं आहे का हे ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. हॉटेल-चहाच्या दुकानांसाठी वर्ग ४३ बघा. नावापुढे नुसतं 'टीएम' असेल तर तेवढ्यावरून नोंदणी झाली असं होत नाही. ज्या नावाचे तीन लाख मोजायचे ते नाव मुळात त्यांचं आहे का, एवढं तरी कळायला हवं.

डॉमिनोज, मॅकडोनल्ड्सची 'डीलरशिप मंजूर' अशी पत्रं व्हॉट्सअॅपवर आली तर सरळ डिलीट करा. आपल्या भागात ती दुकानं मोठ्या कंपन्याच चालवतात.

घ्यावी का, तर वर मांडलेल्या हिशेबात माझं उत्तर 'नको' असं आहे. स्टँडवर उतरणारा माणूस समोर दिसेल तिथे चहा पितो, ब्रँड शोधत फिरत नाही. तुमच्याकडे नावापेक्षा महाग असलेली गोष्ट आधीच आहे, ती म्हणजे जागा. तरीही घ्यायचीच असेल तर मुदतीनंतरचं कलम नीट वाचा. करार चालू असताना स्पर्धकाचा माल विकायचा नाही ही अट कोर्टात टिकू शकते, १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसं धरलं. पण करार संपल्यावर चहाच विकायचा नाही ही अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. गाळा घरचा असल्याने तुम्हाला हा मुद्दा इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचा. मसुदा टोकन भरण्याआधी मागा. 'आधी टोकन, मग मसुदा' असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या.