वायरलेस घ्यावे की फायबर? ईएनटीसीच्या एका विद्यार्थिनीचे समुपदेशन

इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे मुलांच्या भाषेत ईएनटीसी, या शाखेचे विद्यार्थी तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांची काळजी बहुधा एकाच साच्यातील असते. ऐच्छिक विषय आणि प्रकल्प निवडताना मोबाइल संपर्काकडे जावे की ऑप्टिकल फायबरकडे (म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने माहिती नेण्याकडे), एक निवडल्यास दुसरे कायमचे सुटेल का, आणि या दोन्हींत नोकऱ्या नसतील तर सगळे सोडून कोडिंगच का करू नये, असे ते विचारतात. नाशिकमध्ये या काळजीला स्थानिक कारणही आहे. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग आणि विद्युत उपकरणे यांचे कारखाने डोळ्यांना दिसतात, दूरसंचाराचे काम मात्र तसे दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यात पालकांना भविष्यही दिसत नाही.

वैष्णवी (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) वडिलांसोबत आली. कुटुंब निफाड तालुक्यातील, द्राक्षबागायतदार. मुलीच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज घेतलेले. वडील म्हणाले, “मॅडम, तिच्या मामाचा मुलगा पुण्याला आयटीत आहे. तो म्हणतो, कॅम्पसला येणारी कंपनी शाखा बघत नाही, प्रोग्रॅमिंग बघते. मग ही टॉवर आणि केबल शिकून काय करणार? उद्या मुलीला टॉवरवर चढायला लावतील का?” वैष्णवीची अडचण वेगळी होती. तिला विद्युतचुंबकीय क्षेत्रांचा विषय जड गेला होता, त्यामुळे वायरलेस आपल्याला झेपणार नाही असे तिने धरले होते, आणि ‘फायबरला गुण मिळतात’ हे एका वरच्या वर्गातील मुलाचे वाक्य तिने सल्ला म्हणून जवळ ठेवले होते. वडिलांना भीती होती नोकरीची, मुलीला गणिताची, आणि दोघेही आपापल्या भीतीला ‘स्कोप’ हे एकच नाव देत होते.

अशा वेळी अभिरुची चाचणीचा कागद पुढे ठेवण्याची माझी पद्धत नाही. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी याच शाखेत शिकवत असे, त्यामुळे मी तिला आधी एक गणित दिले. नाशिक ते सिन्नर हे अंतर सुमारे ३० किलोमीटर धरायचे आणि त्यावर सिंगल मोड फायबर, म्हणजे लांब पल्ल्यासाठी वापरली जाणारी अतिबारीक गाभ्याची फायबर, टाकायची. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशाची घट किती होईल ते काढायचे. मग हवेतून, ५जी सेवेत वापरल्या जाणाऱ्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी केवळ एक किलोमीटर गेल्या तर घट किती, तेही काढायचे. वडिलांना थोडे अवघडल्यासारखे झाले असावे. भविष्याविषयी विचारायला आलो आणि मॅडम परीक्षा घेत आहेत, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते.

आठवड्याने ती वही घेऊन आली. ही घट डेसिबलमध्ये मोजतात; दर १० डेसिबलला शक्ती एक दशांश उरते. फायबरची घट किलोमीटरला ०.२ डेसिबल, म्हणून ३० किलोमीटरला ६. साधारण दर तीन किलोमीटरला एक जोड आणि प्रत्येक जोडाला ०.१ धरून आणखी एक. दोन टोकांच्या कनेक्टरांचा मिळून एक. एकूण ८ डेसिबल. म्हणजे सिन्नरला पोहोचेपर्यंत प्रकाशाचा सुमारे सहावा हिस्सा शिल्लक राहतो. हवेतील उत्तर आले १०३ डेसिबल, आणि तेही मध्ये झाड, भिंत किंवा इमारत काहीही नसताना. वैष्णवीला वाटले आपले चुकले. चुकले नव्हते. १०३ डेसिबल म्हणजे निघालेल्या शक्तीचा सुमारे दोन हजार कोटींतील एक भाग, आणि आपला मोबाइल रोज एवढ्याशा शक्तीवरच, ॲन्टेनांनी मिळवून दिलेल्या थोड्या वाढीच्या आधाराने, काम करीत असतो.

यानंतर तिने जे केले त्यावरून मला तिची दिशा कळली. मी न सांगताच तिने अंतर वाढवून पाहिले होते. हवेत अंतर दुप्पट केले की घट फक्त ६ डेसिबलने वाढते, फायबरमध्ये मात्र अंतर दुप्पट म्हणजे डेसिबलही दुप्पट. त्यामुळे हजार किलोमीटरवर काच २०० डेसिबल खाते आणि मोकळे अवकाश सुमारे १६३. “म्हणजे खूप लांब गेलं की फायबरच हरते, मॅडम?” हा तिचा प्रश्न अगदी योग्य होता. म्हणूनच लांब पल्ल्याच्या फायबर मार्गांवर साधारण ८० ते १०० किलोमीटरला प्रकाशवर्धक बसवावे लागतात, आणि म्हणूनच अंतराळयानाशी आपण रेडिओ लहरींनी बोलू शकतो. क्षेत्रांच्या विषयात ज्या मुलीला जेमतेम गुण मिळाले होते, तिने हे स्वतः काढले होते. तिला गणिताची भीती नव्हती. संख्या कशाची आहे हे न कळता ती सोडवण्याचा कंटाळा होता, आणि आपल्याकडे या दोन गोष्टींत फरक करण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

याच ठिकाणी मी तिला थोडा इतिहास सांगितला, कारण तो याच आकड्यांत मांडता येतो. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमध्ये असे मांडले की, काचेतील अशुद्ध द्रव्ये काढली आणि घट किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत आणली, तर फायबर दूरसंचारासाठी वापरता येईल. त्या काळच्या काचेत ती घट हजार डेसिबलच्या घरात होती. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंगच्या संशोधकांनी वीसची मर्यादा ओलांडून दाखवली, आणि काव यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखवली होती. ही फायबर आपल्याकडे तयार होत नाही असेही मुलांना वाटते. प्रत्यक्षात छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा येथे स्टरलाइट कंपनीचे फायबर आणि त्यासाठी लागणाऱ्या काचेचे कारखाने आहेत, आणि ते अंतर नाशिकहून एका दिवसात जाऊन येण्याचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. वायरलेस की फायबर हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या कागदावर खरा असतो, नेटवर्कमध्ये तो जवळपास उरत नाही. पंचवटीतून कोणी व्हिडिओ कॉल लावला तर रेडिओ लहरींचा प्रवास हातातील फोनपासून जवळच्या टॉवरपर्यंत, म्हणजे शहरात बहुधा काही शे मीटरच असतो. तेथून पुढे माहिती शक्यतो फायबरनेच जाते. जिथे फायबर पोहोचलेली नाही, तिथे टॉवरवर बसवलेली गोल मायक्रोवेव्ह ॲन्टेना ते काम करते. ५जीमुळे हे नाते अधिक घट्ट झाले, कारण ४जीच्या एका वाहिनीची रुंदी जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ होती आणि ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती १०० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. टॉवरवर एवढी माहिती गोळा झाली की ती वाहून नेण्यासाठी मागची वाट तेवढीच रुंद लागते. घरांवर बसणारी ‘एअरफायबर’ जोडणी घरापर्यंत ५जी रेडिओने येते आणि टॉवरच्या मागे बहुधा फायबरवरच चालते. रेडिओ उपकरण आणि त्याचा संगणकीय भाग वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायचा झाल्यास त्यांच्यातील फायबर साधारण २० किलोमीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही, कारण काचेत प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात आणि ५जीचे वेळापत्रक त्याहून अधिक विलंब सहन करीत नाही. या एका वाक्यात दोन्ही विषय आहेत, आणि मुलाखतीत असे वाक्य समजून बोलणारा विद्यार्थी क्वचित भेटतो.

वडिलांना हे सांगताना मी घरोघरी जाणाऱ्या फायबरचे उदाहरण घेतले. एका तंतूतील प्रकाश विजेशिवाय चालणाऱ्या स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ते लगेच म्हणाले, “म्हणजे ठिबकसारखं. मेन लाइन, सबमेन, लॅटरल. शेवटच्या झाडाला दाब कमी.” उपमा त्यांचीच, आणि मला सुधारण्यासारखे फारसे नव्हते; ३२ वाटे केले की प्रत्येकाच्या वाट्याला आदर्श स्थितीतही १५ डेसिबल कमी येतात, आणि कोणत्या घरापर्यंत जोडणी देता येईल याचा हिशेब त्यावरच बसतो. त्यानंतर ते मुलीच्या वहीत डोकावून पाहू लागले.

मधल्या काळात वैष्णवीला मी दोन कामे दिली. तिच्या गावाकडील इंटरनेट सेवा देणाऱ्याकडे जाऊन तिने जोडकाम पाहिले. स्प्लायसिंग मशीनमध्ये केसाहून बारीक तंतूची टोके कशी जुळवतात, आणि रस्त्याच्या खोदकामात तुटलेली केबल नेमकी किती मीटरवर तुटली हे ओटीडीआर, म्हणजे तंतूत प्रकाश सोडून परत येणारा प्रकाश मोजणारे उपकरण, कसे सांगते, हे तिने लिहून आणले. दुसरे काम बसमध्ये बसून करायचे होते. निफाड ते नाशिक रोजच्या प्रवासात मोबाइलमधील ॲपवर सिग्नलची पातळी आणि वेग नोंदवायचा. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ती घरच्यांसोबत त्र्यंबकेश्वरी गेली होती. तेथील गर्दीतली नोंद सर्वांत बोलकी होती. पातळी उणे ८० डीबीएमच्या (सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक) आसपास, म्हणजे उत्तम. वेग जवळजवळ शून्य. टॉवर जवळ असूनही असे का, हे तिला पाठ्यपुस्तकातील ‘रिसोर्स ब्लॉक’, म्हणजे वाहिनीचे वाटून देण्याजोगे छोटे तुकडे, या संकल्पनेतून उलगडले. ४जीच्या २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीत एका वेळी असे १०० ब्लॉक असतात आणि ते त्या क्षणी जोडलेल्या सगळ्यांना वाटून द्यावे लागतात. शिवाय शेजारच्या टॉवरांचा हस्तक्षेप वाढतो. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर हाच प्रश्न कितीतरी मोठा होऊन उभा राहणार आहे, आणि त्याचे नियोजन करणारे लोक नेमके हेच दोन विषय शिकलेले असतात. हे मी वडिलांना मुद्दाम सांगितले, कारण गोदाकाठची गर्दी त्यांनी पाहिलेली आहे.

नोकरीविषयी गोड बोलणे मी टाळते. नवख्या अभियंत्यांना दूरसंचारात मिळणारी सुरुवातीची बरीच कामे उपकंत्राटदारांकडील असतात, फिरतीची असतात, आणि त्यांचा पगार आयटीच्या पहिल्या पगारापेक्षा कमी असू शकतो. टॉवरवर चढण्याचे काम प्रशिक्षित रिगर करतात. अभियंता सहसा खाली लॅपटॉपवर मोजमाप पाहतो किंवा नियंत्रण कक्षात बसतो, त्यामुळे वडिलांची ती भीती अनाठायी होती. परंतु रेडिओ नियोजन, प्रकाशीय प्रसारण, उपकरणांची चाचणी आणि मोडेमच्या आतील सॉफ्टवेअर यांतील चांगली कामे मुख्यतः पुणे, बंगळूर, हैदराबाद आणि दिल्लीच्या बाजूला आहेत, नाशिकमध्ये नाहीत, हेही त्यांना तितक्याच स्पष्टपणे सांगावे लागले. सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था आणि तेजस नेटवर्क्स व टीसीएस या कंपन्या यांनी मिळून बीएसएनएलसाठी स्वदेशी ४जी उभे केले आहे. अशा कामाला प्रोग्रॅमिंग येणारा ईएनटीसीचा माणूस लागतो. म्हणून कोडिंग सोडू नकोस, पण ते या विषयांच्या जागी न ठेवता या विषयांवर चालव, असे मी वैष्णवीला सांगितले. बसमधील नोंदींचा आलेख तिने पायथॉनमध्ये काढला, ती तिची सुरुवात.

याच सुमारास तिच्याच वर्गातील एका मुलाला मी उलट सल्ला दिला. त्याला तेच गणित दिले होते. त्याने ते बिनचूक सोडवले, पण अंतर बदलून पाहिले नाही, आणि ओटीडीआर पाहण्यास जाण्याऐवजी घरी बसून वसतिगृहाच्या मेसचा हिशेब ठेवणारे एक सुबक ॲप तयार केले. त्याने सॉफ्टवेअरकडेच जावे, पदवी ईएनटीसीची आहे म्हणून मन मारून टॉवरमागे लागू नये. दोघांचे गुण जवळपास सारखे होते. गुणपत्रिकेवरून दिशा ठरवणाऱ्यांना हा फरक दिसला नसता.

वैष्णवीने ऐच्छिक विषय वायरलेसचा घेतला, कारण फायबर तिला मुख्य विषय म्हणून शिकायचीच होती. क्षेत्रांचा जुना कच्चेपणा भरून काढण्यासाठी एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावरील आयआयटी मुंबईच्या प्रा. शेवगांवकर यांची व्याख्याने तिने पहिल्यापासून लावली आणि ती पाहताना वही सोडवली. नुसती पाहिली असती तर उपयोग झाला नसता. अंतिम वर्षाचा प्रकल्प तिच्या गटाने गर्दीच्या ठिकाणी वेग का पडतो या मोजमापावर घेतला आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा अर्ज भरला आहे, कॅम्पसच्या आयटी कंपन्यांसाठीही नाव नोंदवले आहे, आणि कर्जाचा हप्ता पदवीनंतर लगेच सुरू होत नाही, मध्ये सवलतीचा काळ असतो, हे वडिलांनी बँकेत जाऊन विचारून घेतले आहे. गेल्या भेटीत त्यांनी स्कोपचे नाव काढले नाही. बंगळूरला मुलींच्या वसतिगृहाचा महिन्याचा खर्च किती येतो, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.