आई सोबत नसताना मुलीला परदेशी नेण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात?

पत्नीला रजा नसल्यामुळे सात वर्षांच्या मुलीला घेऊन आपण एकटेच मे महिन्यात जर्मनीला जाणार आहात आणि मुलीचा पासपोर्ट अजून काढायचा आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते सुरुवात जन्मदाखल्यापासून करावी. आपल्याकडे बारसे होण्याआधीच जन्माची नोंद झालेली असते, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहतो. आमच्या मुलाच्या दाखल्यावर नाव होते, पण त्याच्या आईच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'एच' जास्त होता. खिडकीवरच्या बाईंनी त्या अक्षरावर पेन्सिलीने गोल केला आणि अर्ज परत दिला. महानगरपालिकेतून दुरुस्ती करून आणेपर्यंत आमचा दीड महिना गेला.

पासपोर्टच्या अर्जासोबत दोघा पालकांच्या सह्यांचे 'अ‍ॅनेक्शर डी', म्हणजे मुलीच्या पासपोर्टला संमती असल्याचे ठरावीक नमुन्यातले घोषणापत्र, जोडावे लागते. ते साध्या कागदावर चालते, त्यासाठी स्टँपपेपर घेण्याची गरज नसते. पासपोर्ट सेवा केंद्रात मुलीसोबत दोघांचेही मूळ पासपोर्ट न्यावेत. फी १,००० रुपये असून आठ वर्षांखालील मुलांना नव्या अर्जावर १० टक्के सवलत मिळते. हा पासपोर्ट पाचच वर्षे चालतो.

जर्मनीसह बऱ्याच युरोपीय देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. खरी मेहनत आईच्या संमतिपत्रावर घ्यावी. मुलीचे नाव व जन्मतारीख, तिघांचेही पासपोर्ट क्रमांक, जाण्यायेण्याच्या तारखा आणि मुक्कामाचा पत्ता हे सारे त्यात इंग्रजीत असावे, खालची सही आईच्या पासपोर्टवरील सहीशी जुळावी आणि पत्र नोटरी करून त्याला तिच्या पासपोर्टची प्रत जोडावी. 'माझी हरकत नाही' एवढ्या एका ओळीवर भागवू नये. आईने माहेरचे आडनाव ठेवले असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही सोबत ठेवावा.

व्हिसा मिळाल्यावर हे पत्र घरी ठेवू नये, आणि चेक-इन होणाऱ्या बॅगेत तर मुळीच टाकू नये, कारण विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीपाशीही ते मागितले जाऊ शकते. मुलीलाही आधी कल्पना देऊन ठेवावी. आमच्या वेळी अधिकाऱ्यांनी पत्र बाजूला ठेवले आणि आधी मुलालाच विचारले, "आई कुठे आहे?"